एक नंबरच्या ट्रेननं गोल्फला

आजचा विषय गोल्फ. थांबा, लगेच स्किप करू नका.

गोल्फ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल याची मला कल्पना आहे. आपल्या सिनेमांत गोल्फ खेळणारा माणूस बहुतेक वेळा हिरोइनचा बाप असतो. पांढऱ्या पँटमध्ये उभा राहून बॉल मारतो आणि हिरोकडे न बघताच विचारतो, माझ्या मुलीला विसरायला किती घेशील? मी मूळचा सांगलीचा. आमच्या घरात गोल्फ फक्त स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात होता. 'खेळ व त्यांतील संज्ञा' असा एक तक्ता असायचा, त्यात बुद्धिबळाच्या आसपास कुठेतरी बोगी, पटिंग, टी, कॅडी. आधी दादानं पाठ केलं, मग मी. कॅडी म्हणजे कोण, टी म्हणजे काय, हे विचारायची गरजच नव्हती, कारण पेपरात फक्त जोड्या लावायच्या असायच्या.

आता मी जर्सी सिटीत राहतो, आठवडाभर बॅकएंडचा कोड लिहितो आणि महिन्यातून एकदा-दोनदा गोल्फ खेळायला जातो. मेंबरशिप नाही. गाडी नाही. पाठीवर सेकंडहँड बॅग, त्यात आठ स्टिक. नियमानं चौदापर्यंत चालतात, पण मला आठच परवडल्या आणि खरं सांगायचं तर आठांतल्या पाचच वापरतो. आणि जातो चक्क ट्रेननं. न्यूयॉर्कच्या सबवेच्या एक नंबरच्या गाडीत बसायचं, शेवटच्या स्टेशनवर उतरायचं. स्टेशनचं नावच 'व्हॅन कॉर्टलँड पार्क, २४२वा रस्ता'. तिथून दहाएक मिनिटं चाललं की तळ्याकाठी क्लबहाउस. अमेरिकेतला सगळ्यात जुना सार्वजनिक गोल्फ कोर्स. १८९५ सालचा.

सार्वजनिक म्हणजे काय, तर जमीन महानगरपालिकेच्या पार्क खात्याची. कुणीही पैसे भरावेत, खेळावं, घरी जावं. आपल्याकडे पालिकेचा स्विमिंग पूल असतो ना, तसं. अमेरिकेतले बहुसंख्य गोल्फ कोर्स असे कुणालाही खेळता येण्यासारखे आहेत. काही सरकारी, काही खासगी मालकीचे पण तिकीट काढून खेळता येणारे. टीव्हीवर दिसतात ते बहुतेक उरलेले.

या कोर्सच्या जन्माची गोष्ट मला फार आवडते. शेजारच्या रिव्हरडेल नावाच्या श्रीमंत वस्तीतल्या काही मंडळींना गोल्फ खेळायचा होता. त्यांनी शहराकडे मागणी केली की पार्कात आम्हाला कोर्स बांधून द्या, आम्ही आपापसात खेळू. शहरानं कोर्स बांधला. फक्त तो सगळ्यांसाठी खुला ठेवला. बस्स. मागणारे वेगळेच होते, मिळालं भलत्यांनाच, आणि एकशेतीस वर्षांनी त्याचा फायदा सांगलीच्या एका पोराला होतोय. सुरुवातीला नऊच होल होती. आठ आखूड आणि शेवटचं एकटं सातशे यार्डांच्या आसपास, वाटेत ओढे आणि दगडी कुंपणं. ज्यानं कुणी ते आखलं त्याला शेवटी राहिलेली सगळी जमीन एकदम संपवायची होती की काय, कोण जाणे.

मग गर्दी झाली. फुकट किंवा स्वस्त गोष्ट खुली केली की होतेच. १८९९ मध्ये कोर्स अठरा होलांचा केला गेला आणि ते काम टॉम बेंडलोकडे होतं. हा स्कॉटलंडचा माणूस, न्यूयॉर्कला येऊन वर्तमानपत्रात खिळे जुळवायचं काम करत होता. त्यानं नुसती होलं वाढवली नाहीत, तर खेळण्याची वेळ आधी राखून ठेवायची पद्धत, मैदानावर कसं वागायचं याचे नियम, कॅडींचं प्रशिक्षण, हे सगळं बसवलं. आज आपण ॲपवर जो टी-टाइम बुक करतो, त्याच्या पूर्वजांत हा खिळे जुळवणारा आहे. खिळे जुळवणाऱ्याला जागेचा आणि ओळीचा हिशोब कळतोच म्हणा.

टी-टाइम म्हणजे तुमच्या गटानं पहिला फटका मारायची वेळ. नऊ वाजून बारा मिनिटं म्हणजे नऊ-बारा. गट चौघांचा. तुम्ही एकटे आलात तर तुम्हाला 'सिंगल' म्हणतात आणि जिथे तीनच जण असतील तिथे घालतात. हे काम स्टार्टरचं. पहिल्या होलपाशी हातात यादी घेऊन बसलेला माणूस. मी या खात्याचा फॅन आहे. एसटी स्टँडवरचा कंट्रोलर असतो ना, सगळ्या गाड्या डोक्यात, कुणाशी जास्त बोलत नाही, पण त्याच्याशिवाय एक गाडी हलत नाही, तसा.

मागे एका सोमवारी सुट्टी टाकून गेलो होतो. एक नंबरची गाडी मॅनहॅटनच्या खालून वर वर जात राहते. ११६वा रस्ता, कोलंबिया विद्यापीठ. इथे दर वेळी मान वर होतेच, कारण १९१३ ते १९१६ बाबासाहेब इथे शिकत होते. ही रेल्वे तेव्हाही होती आणि शेवटच्या स्टेशनवरचा तो कोर्सही. पुढे १२५व्या रस्त्याला गाडी बोगद्यातून एकदम उजेडात येते. डब्यात माझ्या बॅगेकडे कुणी ढुंकून बघत नाही. या शहरात लोक सबवेतून सोफा नेतात.

स्टार्टरनं यादीवर बोट फिरवलं. "सिंगल? या तिघांबरोबर जा."

तिघं कोण? एक निवृत्त बस ड्रायव्हर, सत्तरी ओलांडलेले कृष्णवर्णीय काका. एक कोरियन आजी, स्वतःची ढकलगाडी आणि डब्यात कापलेलं सफरचंद घेऊन आलेल्या. आणि एक डॉमिनिकन न्हावी, माझ्याच वयाचा. त्याचं सलून सोमवारी बंद. मी म्हटलं, आमच्याकडेही सोमवारीच बंद असतं. त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

आता पहिल्या टीबद्दल. टी म्हणजे फटका मारायची सुरुवातीची जागा आणि बॉलखाली खोचायची ती छोटी लाकडी खुंटी, दोन्हीला टीच म्हणतात. पहिल्या टीवर मागचे दोन गट वाट बघत उभे असतात. म्हणजे तुम्ही, बॉल आणि आठ-दहा अनोळखी माणसं. बॉल हलत नाही. क्रिकेटमध्ये निदान बोलरला दोष देता येतो. इथे सगळं शांत आणि तुम्हालाच सुरुवात करायची असते. डेमोच्या आधी प्रॉडक्शनवर डिप्लॉय करताना पोटात जे होतं ना, तेच. माझा बॉल उजवीकडे झाडांत गेला. ड्रायव्हरकाका म्हणाले, "छान. मी दोन झाडं पाहून ठेवलीत, त्यांच्या मधे आहे." आजींनी शंभर-एकशेवीस यार्ड सरळ मारला. दुसरा सरळ. तिसरा सरळ. चार तासांत त्या बाईंचा एक बॉल गवताच्या बाहेर गेला नाही.

दुसरं होल मागच्या टीवरून मारलं तर सहाशे यार्डांच्या पुढे जातं. पार पाच. पार म्हणजे चांगल्या खेळाडूनं जितक्या फटक्यांत संपवावं ती संख्या. एक जास्त लागला तर बोगी, दोन जास्त तर डबल बोगी. हीच ती आमची तक्त्यातली बोगी. पाच फटके अपेक्षित असताना मला नऊ लागले, त्याला वेगळं नाव असेल तर मी कधी शोधलं नाही.

पण मला सांगायचंय ते बॉल शोधण्याबद्दल. बॉल झुडपात गेला की नियमानं तीन मिनिटं शोधायचा. २०१९ पर्यंत पाच होती. तीन मिनिटांत मिळाला नाही तर हरवला समजायचा आणि शिक्षा घ्यायची. आता ही तीन मिनिटं बघा. तुमचा बॉल हरवलाय, फायदा-तोटा तुमचा, पण चौघंही झुडपात शिरतात. ज्यांची नावंही तासाभरापूर्वी कळली, ती माणसं काटेरी फांद्या बाजूला करून तुमच्यासाठी एक पांढरी गोळी शोधत असतात. न्यूयॉर्कमध्ये मी चार वर्षं ज्या इमारतीत काम करतो, तिथल्या लिफ्टमध्ये कुणी मान वर करत नाही. आणि इथे सत्तरीचे काका माझ्या बॉलसाठी गुडघ्यावर बसलेत. एकदा न्हाव्यानं माझा बॉल शोधताना दुसऱ्याच कुणाचे तीन सापडवले आणि खिशात घातले. म्हणाला, भाडं.

दुसरी गोष्ट, इथे अंपायर नाही. स्कोअर स्वतः सांगायचा, स्वतः लिहायचा. झाडामागे तुम्ही बॉल पायानं दोन इंच सरकवलात तर कुणाला कळणार नाही. मोठ्या स्पर्धा सोडल्या तर हा सगळा खेळ सांगणाऱ्याच्या शब्दावर चालतो. आजींनी एका होलवर "सहा" म्हटलं, मग चालता चालता थांबून बोटांवर मोजलं आणि "सात" असं दुरुस्त केलं. पैज नव्हती, बक्षीस नव्हतं.

आणि तिसरी, हँडिकॅप. नियमित स्कोअर नोंदवला की तुम्हाला एक आकडा मिळतो, तुम्ही साधारण किती फटके जास्त घेता हे सांगणारा. २०२० पासून जगभर एकच पद्धत आहे, कमाल आकडा ५४. दोघांच्या आकड्यांतला फरक वजा केला की नवखा आणि मुरलेला एकमेकांशी खरी मॅच खेळू शकतात. चाळीतल्या क्रिकेटमध्ये लहान पोराला 'लिंबू-टिंबू' घ्यायचो. फरक इतकाच की इथे लिंबू-टिंबू गणितानं ठरतो आणि जिंकूही शकतो.

आता थोडं इंजिनिअरसारखं बोलतो, कारण तिसऱ्या तासाला आम्ही अडकलो. सार्वजनिक कोर्सवर, कुठल्याही देशातल्या, राउंड लांबतो. चार तासांचा साडेपाच होतो. लोक म्हणतात नवखे हळू खेळतात म्हणून. थोडंफार खरं आहे. पण मुख्य कारण पार-तीनची आखूड होलं. लांब होलवर एकाच वेळी दोन-तीन गट वेगवेगळ्या टप्प्यांवर असू शकतात. पाइपलाइनच ती. आखूड होलवर मात्र पुढचा गट ग्रीनवरून, म्हणजे झेंडा असतो त्या बारीक कापलेल्या गवतावरून, बाजूला होईपर्यंत मागच्याला मारता येत नाही. एका वेळी एकच. समजा गट दर नऊ मिनिटांनी सोडलेत आणि आखूड होलला एका गटाला अकरा मिनिटं लागतात. प्रत्येक गटामागे दोन मिनिटं साचत जातात. विसावा गट तिथे पोचेल तेव्हा अडतीस मिनिटं थांबेल आणि त्याला वाटेल की पुढचे मूर्ख आहेत. पुढच्यांना त्यांच्या पुढचे तसे वाटत असतात. सर्व्हर वाढवता येत नाही, मग रिक्वेस्ट कमी सोडायला हव्यात. पण कमी सोडल्या तर कमी लोकांना खेळायला मिळणार. बेंडलोपासून हाच तिढा आहे.

तर आम्ही एका आखूड होलच्या बाकावर बसलो होतो. खाली कुठेतरी मेजर डीगन हायवेचा आवाज. या पार्कातून रस्ते नेताना कोर्सचे तुकडे झाले, होलं इकडची तिकडे करावी लागली. आजींनी सफरचंद पुढे केलं. काकांनी विचारलं, तुझ्या गावात खेळतात का? मी म्हटलं, माझ्या माहितीतलं कुणीच नाही. मग ते स्वतःबद्दल बोलायला लागले. ते मूळचे नॉर्थ कॅरोलायनाचे. वडील कॅडी. आठवडाभर दुसऱ्यांच्या बॅगा उचलायच्या, बॉल कुठे पडला ते सांगायचं, वारा कसा आहे ते सांगायचं. खेळायची परवानगी नाही. "त्या कोर्सचं प्रत्येक गवत माझ्या बापाला माहीत होतं," म्हणाले, "आणि एकदाही तो तिथे स्वतःचा बॉल मारू शकला नाही." मग विचारलं, "ग्रीन्सबरोचं ऐकलंयस?"

मी ऐकलं नव्हतं. बाकावर त्यांनी जे सांगितलं आणि नंतर मी जे वाचलं, ते मिळून सांगतो.

ग्रीन्सबरो हे नॉर्थ कॅरोलायनातलं शहर. तिथे गिलेस्पी पार्क नावाचा सार्वजनिक गोल्फ कोर्स. जमीन शहराची, म्हणजे कर भरणाऱ्या सगळ्यांची, काळ्यांचीसुद्धा. पण काळ्यांना खेळू द्यावं लागू नये म्हणून शहरानं तो वर्षाला एक डॉलर भाड्यानं एका खासगी मंडळाला देऊन टाकला. झालं, आता तो 'मेंबरांचा'. ७ डिसेंबर १९५५ ला डॉ. जॉर्ज सिम्किन्स नावाचे दातांचे डॉक्टर आणि त्यांचे पाच मित्र तिथे गेले. मेंबर नसलेल्या गोऱ्यांकडून पंचाहत्तर सेंट घ्यायचे. यांनी प्रत्येकी पंचाहत्तर सेंट काउंटरवर ठेवले, त्यांना नाही म्हटलं गेलं, तरी ते पहिल्या टीवर गेले आणि खेळले. शिव्या खाल्ल्या, खेळत राहिले. नऊ होल पूर्ण करून घरी गेले. मग अटक. गुन्हा कुठला, तर दुसऱ्याच्या जागेत घुसले.

लक्षात घ्या, त्याच्या बरोबर महिनाभर आधी, ७ नोव्हेंबर १९५५ ला, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं अटलांटाच्या होम्स कुटुंबाच्या खटल्यात सार्वजनिक गोल्फ कोर्सवरचा वर्णभेद चालणार नाही असा निकाल दिला होता. कायदा झालेला. काउंटरवरचा माणूस मात्र तोच.

खटला वर्षानुवर्षं चालला. दिवाणी बाजूनं सिम्किन्स जिंकले, फेडरल कोर्टानं कोर्स सगळ्यांना खुला करा म्हणून सांगितलं. तो खुला होण्याआधी क्लबहाउस जळालं. मग शहरानं काय केलं? कोर्सच बंद केला. कुणालाच नको. त्या सहा जणांची फौजदारी शिक्षा तर सुप्रीम कोर्टात १९६० साली पाच विरुद्ध चार मतांनी कायम राहिली. एका मतानं. शेवटी राज्याच्या गव्हर्नरनं तुरुंगवास टाळला. आणि ७ डिसेंबर १९६२ ला, बरोबर सात वर्षांनी, कोर्स पुन्हा उघडला तेव्हा पहिला फटका डॉ. सिम्किन्सनी मारला.

न्यू ऑर्लिन्समध्ये जोसेफ बार्थोलोम्यू नावाचा काळा माणूस होता. त्यानं शहरातले सार्वजनिक कोर्स आखले, बांधले. आणि बांधून झाल्यावर त्यांवर त्याला खेळता येत नव्हतं.

हे सगळं मराठी माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर बोले यांनी ठराव मांडला आणि तो मंजूर झाला: सरकारी खर्चातली तळी, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागद तयार. तरी पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ उजाडावं लागलं आणि त्यानंतर मारहाण, तळ्याचं 'शुद्धीकरण', दहा वर्षं कोर्ट. पाणी आणि गोल्फ यांची बरोबरी मी करत नाही, करूही नये. पाणी नसेल तर माणूस मरतो. पण युक्ती बघा, सारखीच आहे. तळं खासगी आहे असा दावा महाडमध्येही झाला होता. सार्वजनिक गोष्ट कुणाला द्यायची नसेल की पहिल्यांदा तिचा मालक बदलतात, निदान कागदावर.

काका हे सांगत असताना पुढचा गट ग्रीनवरून हलला. ते उठले, मारला, बॉल झेंड्यापासून दहा फुटांवर. त्यांच्या चेहऱ्यावर काही फरक नाही. मी सात नंबरच्या स्टिकनं मारला तो वाळूत.

बरं, एक प्रश्न तुमच्यातल्या काही जणांच्या मनात केव्हाचा असणार: पण एवढी जमीन? बरोबर प्रश्न आहे आणि मी तो टाळणार नाही. अठरा होलांच्या कोर्सला शंभर-सव्वाशे एकर सहज लागतात. दादरचं शिवाजी पार्क साधारण अठ्ठावीस एकरांचं. म्हणजे चार शिवाजी पार्क. दर दहा मिनिटांनी एक गट, सकाळी सहा ते दुपारी चार, साठ गट, दोनशेचाळीस माणसं. दिवसाला. शिवाजी पार्कात रविवारी सकाळी एका कोपऱ्यात तेवढी असतात. त्यावर पाणी, खत, औषधं. न्यूयॉर्कसारख्या शहरात, जिथे घरभाड्यानं लोकांचं कंबरडं मोडलंय, तिथे हे मैदान कशाला, असं कुणी म्हटलं तर मला राग येत नाही.

माझं मत असं: पार्कच मोडून इमारती बांधायच्या असतील तर नको, एकदा गेलेली हिरवी जमीन परत येत नाही. पण जमीन शहराची असेल तर काही तास ती न खेळणाऱ्यांनाही मिळायला हवी. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स आहे, गोल्फचं पंढरपूर समजा. तोही सार्वजनिक आहे, आणि रविवारी तिथे सहसा खेळ बंद असतो. गावातली माणसं कुत्री घेऊन, पोरं घेऊन त्या जगप्रसिद्ध गवतावर फिरतात. हे आणखी ठिकाणी व्हायला काय हरकत आहे?

आणि आपल्याकडे? गंमत म्हणजे गोल्फ भारतात अमेरिकेच्या आधी रुजला. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा सगळ्यात जुना. म्हणजे व्हॅन कॉर्टलँडच्या सहासष्ट वर्षं आधी. पण तो क्लब होता. पुढे लष्कराचे कोर्स आले, जिमखान्यांचे आले, आणि दार मेंबरांपुरतंच राहिलं. तरी आतून वाट निघालीच. एस. एस. पी. चौरासियाचे वडील त्याच रॉयल कलकत्त्यावर ग्रीनकीपर होते, गवत राखणारे. मुलगा तिथेच बघून बघून शिकला आणि २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षं इंडियन ओपन जिंकला. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकला खेळला. आणि हो, पैसे भरून खेळता येईल असा कोर्स आपल्याकडे आहे. खारघरला, डोंगराच्या कुशीत, सिडकोनं बांधलेला. मुंबईत राहणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे? दिल्लीत डीडीएचा कुतुब कोर्स आहे. मोजकेच आहेत, पण आहेत.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा दादाला हे सगळं सांगत होतो. तो आता तलाठी आहे. शांतपणे ऐकून म्हणाला, "गायरान आहे म्हण की." मग थोड्या वेळानं म्हणाला, "गायरानावर अतिक्रमण कोण करतं माहितीये का? ज्याच्याकडं आधीच जमीन असते तो." मी हे वाक्य ड्रायव्हरकाकांना भाषांतर करून सांगितलं. गायरान इंग्रजीत सांगताना फार तारांबळ उडाली, पण त्यांना कळलं.

आता कामाचं. तुमच्यापैकी कुणी न्यूयॉर्कच्या बाजूला असेल आणि जायचं असेल तर पहिल्याच दिवशी अठरा होलांचा हट्ट धरू नका. आधी दोन-तीन आठवडे रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, बादलीभर बॉल मारा. नवीन सेट विकत घेऊ नका, जुना चालतो. बॉल मात्र जास्त न्या, पंधरा तरी. शहरात राहत असाल तर रहिवाशांच्या पासची चौकशी करा, दर कमी पडतो. संध्याकाळचा 'ट्वायलाइट' दर त्याहून कमी असतो, फक्त अंधार पडायच्या आत जेवढं होईल तेवढं. हळू खेळता येतं म्हणून लाजू नका. सावकाश चालू नका, एवढंच. तुमची पाळी यायच्या आधी स्टिक हातात असली की मागचे खूश. बॉल कुणाच्या दिशेनं जातोय असं वाटलं तर जोरात 'फोर' ओरडा, आणि कुणी ओरडलं तर बघायला मान वर करू नका, डोकं झाका. वाळूत पाय उमटले तर तिथे ठेवलेल्या दाताळ्यानं पुसा. ग्रीनवर बॉल आपटून खळगा पडला तर नीट करा, स्वतःचा आणि शेजारचाही एखादा.

आमच्या त्या राउंडचा स्कोअर विचाराल तर माझा एकशेचौदा, न्हाव्याचा एकशेएक, काकांचा ब्याण्णव. आजींचा एकोणनव्वद. त्यांनी दोनदा मोजला.

आणि कुणाला बरोबर न्यायचं, ग्रुप कसा जमवायचा, हा विचार करत बसू नका. वेळेच्या वीस मिनिटं आधी पोचा, स्टार्टरच्या खिडकीपाशी जा आणि सांगा, सिंगल आहे. पुढचं तो बघतो.